ठाण्याचा हिशेब

हिशेब मागण्याची सवय आपल्या गावांना नवी नाही. दूध संस्थेच्या वार्षिक सभेत फॅटचा अर्धा पॉइंट का कमी लागला, यावरून रात्री अकरापर्यंत वाद चालतो. देवळाच्या वर्गणीत मांडववाल्याला जास्त पैसे गेले, तर पुढच्या वर्षी खजिनदार बदलतो. सोसायटीचा सचिव असो की ग्रामपंचायतीचा सरपंच, चार माणसे उठून त्याला विचारतात, "बाबा, पैसा कुठे गेला आणि काम काय झाले?"

एक जागा मात्र अशी आहे, की जिथे हा प्रश्न विचारायला आपली जीभ रेटत नाही. ती जागा म्हणजे पोलीस ठाणे. तिथे आपण हात जोडून जातो, किंवा जातच नाही. ठाण्याचा पगार, ठाण्याची गाडी, गाडीतले डिझेल, शिपायाच्या हातातली काठी हे सगळे आपल्याच करातून आलेले असते. तरीही या माणसांनी आणि या पैशांनी कोणते काम आधी करावे, कोणते मागून करावे, हे विचारण्याचा आपल्याला काही अधिकार आहे, असे आपल्याला वाटतच नाही. आजच्या भाषणाचा विषय हाच आहे.

आधी एक घडलेली गोष्ट सांगतो. २०२४ च्या दिवाळीनंतर माझ्या वर्गातला एक विद्यार्थी चार दिवस आला नाही. आल्यावर कारण विचारले. म्हणाला, "सर, नदीवरची मोटर गेली. वडिलांबरोबर ठाण्यावर जात होतो." साडेसात अश्वशक्तीची मोटर, स्टार्टर आणि शंभर फूट केबल. चोराला मोटर नको असते, आतली तांब्याची तार हवी असते. शेतकऱ्याचा मात्र गहू वाळतो. त्या मुलाचे वडील तीन वेळा तालुक्याला गेले. पहिल्या दिवशी साहेब बंदोबस्ताला गेले होते. दुसऱ्या दिवशी ठाणे अंमलदार म्हणाले, "तात्या, आधी आजूबाजूला चौकशी करा, मिळेलही." तिसऱ्या दिवशी म्हणाले, "असे करा, साधा अर्ज लिहून द्या. आम्ही बघतो." तात्यांनी अर्ज दिला. पोच मिळाली नाही. गुन्हा नोंदला गेला नाही.

त्या हिवाळ्यात त्याच शिवारातून आठ मोटरी गेल्या. शेवटी गावची पाच-सहा मंडळी वरिष्ठ अधिकाऱ्यांना भेटायला गेली. मीही बरोबर होतो. साहेब सभ्य होते. त्यांनी बसायला सांगितले, चहा मागवला, आणि समोरच्या यंत्रावर आमच्या गावाची माहिती काढून पाहिली. मग म्हणाले, "तुमच्या गावात सहा महिन्यांत चोरीचा एकच गुन्हा दाखल आहे, तोही घरातला. पलीकडच्या बाजारगावात अकरा आहेत. माझ्याकडे रात्रीच्या गस्तीला गाडी एक. सांगा, मी ती कुठे पाठवू?"

श्रोतेहो, ते साहेब खोटे बोलत नव्हते. त्यांच्या कागदावर आमच्या मोटरी चोरीला गेल्याच नव्हत्या. चोरी नोंदली नाही म्हणून गस्त नाही, गस्त नाही म्हणून पुन्हा चोरी, आणि ती नोंदायची नाही म्हणून पुन्हा गस्त नाही. रहाटाच्या माळेसारखे हे फिरत राहते. खाली ठाणे अंमलदाराने एक अर्ज बाजूला सारला, तेव्हा वर कुणाच्याही नकळत एक निर्णय होऊन गेला, तो असा की या गावाला रात्रीचे संरक्षण नाही.

आता ठाण्याकडे साधने किती असतात, याचाही विचार केला पाहिजे. एक उदाहरण घेऊ. हे केवळ समजण्यासाठी आहे. समजा, एका ठाण्यात चाळीस माणसे आहेत आणि हद्दीत पन्नास गावे आहेत. साप्ताहिक सुट्टी, रजा आणि आजारपण यांत आठ माणसे धरा. कोर्टाची तारीख, समन्स, वॉरंट यांना पाच. ठाण्याचा पहारा, कोठडी, बिनतारी यंत्र, संगणक यांना पाळ्या धरून नऊ. नोंदलेल्या गुन्ह्यांच्या तपासाला सहा. एखादी यात्रा, मोर्चा, कुणा पाहुण्यांचा दौरा यांच्या बंदोबस्ताला सहा. उरली सहा माणसे. दिवसा तीन, रात्री तीन, आणि गावे पन्नास! दौरे दोन झाले, की रात्रीचे तीनही जातात.

म्हणजे पोलीस काम करीत नाहीत, एवढेच म्हणून भागत नाही. ते कोणते तरी काम करीतच असतात, आणि ते करताना दुसरे सोडून देत असतात. कोणते सोडायचे, हे कोण ठरवतो? कायद्याच्या पुस्तकात ते लिहिलेले नाही. ते ठरते रोजच्या रेट्यावर. ज्याचा फोन वरून येतो त्याचे काम आधी. ज्याच्या मागे शंभर माणसे त्याचे नंतर. आणि जो एकटा, निरक्षर, धरणापलीकडच्या वस्तीवरचा, त्याचे काम सवडीने. मारझोड सोसून मध्यरात्री ठाण्यावर आलेल्या बाईला "घरातले भांडण घरात मिटवा" म्हणून परत पाठवणे, हाही साधनांच्या वाटणीचाच निर्णय आहे. तो कुणी सभेत घेतलेला नसतो, म्हणून त्याचा जाब कुणी देत नाही.

इथे एका गैरसमजापासून सावध राहायला हवे. हिशेब मागणे म्हणजे पोलिसांचा हात धरणे नव्हे. अमक्याला पकडा, तमक्याला सोडा, हा पंचनामा बदला, हे सांगण्याचा अधिकार सरपंचालाही नाही आणि मंत्र्यालाही नाही. तपास कायद्याने आणि पुराव्याने चालावा. परंतु गस्त कुठे किती झाली, किती तक्रारी आल्या, किती नोंदल्या, किती तपासांवर पडले, गाडी महिन्यात किती दिवस दौऱ्यात गेली, हे विचारणे म्हणजे तपासात ढवळाढवळ नव्हे. गंमत अशी, की आपण नेमके उलटे करतो. ओळखीच्या पोराला सोडवायला पुढाऱ्याला घेऊन ठाण्यावर जातो, आणि गस्तीचा हिशेब मात्र कधीच विचारीत नाही.

या देशात राखणदाराला जाब विचारण्याची रीत पूर्वी नव्हती, असे नाही. पेशवाईच्या अखेरीस गावच्या बंदोबस्ताची जबाबदारी पाटलाची होती, आणि राखणीला रामोशी, भिल्ल, महार असे जागले होते. चोरी झाली, की जागल्याने चोराचा माग काढायचा. पावलांचा माग शेजारच्या गावच्या शिवेत गेला, की तो त्या गावच्या जागल्याच्या हवाली करायचा. मग पुढे माग काढणे त्या गावाचे काम. माग जिथे खुंटला, त्या गावाने चोर द्यावा किंवा नुकसान भरून द्यावे, अशी वहिवाट होती. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने १८१९ साली पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखावर जो अहवाल लिहिला, त्यात या पद्धतीचे वर्णन आले आहे. तिला गोड रंग देण्याचे कारण नाही. भरपाईचा बोजा पुष्कळदा गरीब जागल्यावर पडे, आणि संशयही त्याच्यावरच येई. तरीपण राखणदार ज्यांची राखण करतो त्यांना बांधलेला आहे, ही कल्पना तिच्यात होती.

इंग्रजी अमलात ती कल्पना उलटली. १८५७ च्या उठावानंतर १८६१ साली पोलिसांचा कायदा झाला. आपल्या मुंबई इलाख्यासाठी पुढे १८९० साली जिल्हा पोलिसांचा वेगळा कायदा झाला. या कायद्यांतला पोलीस वरच्याला जबाबदार होता. शिपाई फौजदाराला, फौजदार साहेबाला, साहेब सरकारला. खाली, रयतेकडे, जबाबदारीची एकही वाट उतरत नव्हती. परक्या राज्याला तसेच पोलीस हवे होते. राज्य शाबूत राखणे हे पहिले काम, आणि रयतेची मोटर, म्हणजे त्या काळची मोट, हे शेवटचे.

जाब विचारणारा कुणी नसला, म्हणजे पोलिसांची काठी कुणावर पडते, तेही इतिहासात दिसते. १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा झाला आणि १९११ च्या कायद्याने तो सबंध ब्रिटिश हिंदुस्थानभर पसरला. एखाद्या जमातीत जन्मला, एवढ्यावरून माणसाने ठाण्यावर किंवा पाटलाकडे हजेरी द्यायची, परवानगीवाचून गाव सोडायचे नाही. सोलापुरासारख्या ठिकाणी अशा लोकांच्या बंदिस्त वसाहती होत्या. ज्यांच्यावर पाळत ठेवणे सोपे, त्यांच्यावरच पोलिसांचे मनुष्यबळ खर्च होत होते. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला, आणि ते लोक विमुक्त झाले. पण चोरी झाली, की आधी पारध्याच्या पालावर जायचे, ही सवय कायद्याबरोबर रद्द झाली नाही. मोटरी गेल्या तेव्हा आमच्या गावातही पहिले बोट पालाकडेच गेले होते, हे मला कबूल केले पाहिजे. चोर कोण, हे कुणालाच ठाऊक नव्हते. हिशेब मागताना आपलीही वही स्वच्छ असावी लागते.

स्वातंत्र्यानंतर १९५१ साली मुंबई पोलीस कायदा झाला. आज तोच महाराष्ट्र पोलीस कायदा या नावाने चालतो. राज्य आपले झाले, पण जबाबदारीची वाट वरच जात राहिली. ती खाली वळावी म्हणून जे प्रयत्न झाले, त्यांतला एक आपल्या महाराष्ट्रातला आहे आणि शिक्षकांनी तो विशेष ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

१९७२ च्या मार्च महिन्यात, त्या वेळच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंजच्या ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनीच अत्याचार केल्याचा खटला झाला. सत्र न्यायालयाने आरोपींना सोडले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांना दोषी ठरवले. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडले. मुलीच्या अंगावर जखमा नव्हत्या, म्हणजे तिची संमती असावी, असा तर्क झाला. १९७९ च्या सप्टेंबरात उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लोतिका सरकार आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघड पत्र लिहिले. ठाण्याच्या बंद दाराआड, रात्री, वर्दीपुढे उभ्या असलेल्या गरीब पोरीची 'संमती' म्हणजे काय, असा त्या पत्राचा आशय होता. पत्र देशभर पोचले, बायका रस्त्यावर आल्या, आणि १९८३ साली कायदा बदलला. कोठडीत किंवा पोलिसांच्या ताब्यात असलेल्या स्त्रीशी शरीरसंबंध आल्याचे सिद्ध झाले आणि तिने संमती नव्हती असे सांगितले, तर न्यायालयाने ते खरे धरून चालावे, असे कलम आले. त्या मुलीला स्वतःला न्याय मिळाला नाही. परंतु चार शिक्षकांच्या एका पत्राने पुढच्या मुलींसाठी कायदा हलवला.

दुसरा प्रयत्न दिल्लीत झाला. १९७७ साली धर्मवीर यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय पोलीस आयोग नेमला गेला. १९८१ पर्यंत त्याने आठ अहवाल दिले. ते फडताळात राहिले. १९९६ साली प्रकाश सिंह या निवृत्त पोलीस अधिकाऱ्यानेच सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला, आणि २२ सप्टेंबर २००६ रोजी न्यायालयाने सात आदेश दिले. त्यांतले आपल्या कामाचे चार सांगतो. राज्यात एक सुरक्षा आयोग असावा; त्याने पोलिसांच्या कामाची धोरणे आखून द्यावी आणि कामाचे मूल्यमापन करावे. ठाण्याच्या अधिकाऱ्याला एका जागी किमान दोन वर्षे मिळावी, म्हणजे पुढाऱ्याचा रोष झाला की बदली, हे थांबेल. तपासाची माणसे आणि बंदोबस्ताची माणसे वेगळी करावी, म्हणजे यात्रा आली म्हणून खुनाचा तपास थांबणार नाही. आणि पोलिसांविरुद्धच्या तक्रारी ऐकायला वेगळे प्राधिकरण असावे.

महाराष्ट्राने २०१४ साली पोलीस कायद्यात दुरुस्ती करून राज्य पातळीवर आणि विभागीय पातळीवर पोलीस तक्रार प्राधिकरणाची तरतूद केली. उपअधीक्षक आणि त्यावरच्या अधिकाऱ्यांविरुद्धची तक्रार राज्य प्राधिकरणाकडे जाते. त्याचे अध्यक्ष निवृत्त उच्च न्यायालय न्यायाधीश असतात. ठाण्याच्या वरिष्ठ निरीक्षकापर्यंतच्यांची तक्रार विभागीय प्राधिकरणाकडे. त्याचे अध्यक्षपद निवृत्त प्रमुख जिल्हा न्यायाधीशांकडे. कोठडीतला मृत्यू, गंभीर दुखापत, बलात्कार, बेकायदा अटक, लाच, खंडणी, जमीन किंवा घर बळकावणे आणि अधिकाराचा गंभीर दुरुपयोग यांची चौकशी तिथे होते. अधिकारी गस्त घालीत नाही, एवढ्यासाठी ही जागा नाही. तिच्यासाठी वाट वेगळी, आणि ती गावातूनच सुरू होते.

त्या वाटेची पहिली पायरी म्हणजे गुन्ह्याची नोंद. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आहे. तिच्या १७३ व्या कलमाप्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची खबर तोंडी दिली तरी ठाण्याने ती लिहून घ्यायची, वाचून दाखवायची, सही घ्यायची आणि एक प्रत फुकट द्यायची. 'आमची हद्द नाही' हे कारण चालत नाही. कोणत्याही ठाण्याने खबर घेतली पाहिजे. विद्युत माध्यमातूनही खबर देता येते, मात्र तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी १२ नोव्हेंबर २०१३ रोजीच सांगून ठेवले आहे, की खबरीवरून दखलपात्र गुन्हा उघड होत असेल तर नोंद सक्तीची आहे.

नव्या कायद्यातल्या दोन गोष्टी मात्र माहीत असाव्यात. तीन वर्षांपासून सात वर्षांच्या आतपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात, आणि साधी चोरी त्यात येते, उपअधीक्षकांच्या परवानगीने आधी प्राथमिक चौकशी करता येते. पण ती १४ दिवसांत संपली पाहिजे. म्हणून 'बघतो' म्हटले, तर नम्रपणे विचारावे, "साहेब, चौकशीची परवानगी झाली का? कोणत्या तारखेला?" दुसरी गोष्ट, पाच हजार रुपयांच्या आतल्या काही चोऱ्या आता अदखलपात्र धरल्या जातात. मोटर त्याहून महाग असते. म्हणून खबर देताना मालाची किंमत, खरेदीची पावती, मोटरीचा क्रमांक हे लिहायला विसरू नये.

ठाण्याने खबर घेतलीच नाही, तर ती लेखी करून टपालाने जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे पाठवावी. टपालाची पावती जपून ठेवावी. तिथेही काही झाले नाही, तर प्रतिज्ञापत्रासह दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. स्त्रियांवरच्या अत्याचाराच्या ठरावीक गुन्ह्यांची खबर घ्यायची टाळाटाळ करणाऱ्या अधिकाऱ्याला सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. गुन्हा नोंदल्यावर ९० दिवसांच्या आत तपास कुठवर आला, हे फिर्याद देणाऱ्याला कळवणे पोलिसांवर बंधनकारक आहे. ठाण्याच्या आवारात, कोठडीत आणि खोल्यांत कॅमेरे असावेत आणि किमान वर्षभराचे चित्रण टिकावे, असा सर्वोच्च न्यायालयाचा २ डिसेंबर २०२० चा आदेश आहे. ठाण्यात अरेरावी झाली, तर तारीख आणि वेळ लिहून ठेवावी, ती याचसाठी.

दुसरी पायरी म्हणजे आकडे विचारणे. माहिती अधिकाराचा कायदा २००५ पासून आहे. महाराष्ट्रात दहा रुपयांचे शुल्क, दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही माफ. अर्ज एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांच्या आत असावा. उत्तराला तीस दिवस. चालू तपासात अडथळा येईल अशी माहिती ते नाकारू शकतात, आणि ते योग्यच आहे. म्हणून नावे विचारू नयेत, आकडे विचारावेत. आमच्या हद्दीत गेल्या तीन महिन्यांत रात्रगस्त किती वेळा झाली? चोरीचे किती अर्ज आले, किती गुन्हे नोंदले? मंजूर माणसे किती, हजर किती, त्यांतली बंदोबस्ताला बाहेर किती दिवस होती? अशा चार ओळींचा अर्ज कोणत्याही प्राथमिक शिक्षकाला लिहून देता येईल.

तिसरी पायरी म्हणजे ग्रामसभा. वर्षातून किमान चार ग्रामसभा व्हाव्या लागतात. तिथे रस्ता आणि गटार यांबरोबर संरक्षणाचाही विषय मांडता येतो. पोलीस पाटलाचे पद १९६७ च्या ग्राम पोलीस कायद्याने चालते. गावातल्या गुन्ह्यांची आणि सार्वजनिक शांततेची खबर ठाण्याला कळवणे हे त्याचे काम आहे. त्याला सभेत विचारता येते, "पाटील, आठ मोटरींची खबर आपण दिलीत का?" हद्दीच्या अधिकाऱ्याला सभेचे निमंत्रण द्यावे. आणि जिथे माणसेच कमी असतील, तिथे आपल्या आमदाराला सांगावे, की हा प्रश्न विधानसभेत विचारा. पोलिसांचे अंदाजपत्रक तिथेच मंजूर होते. एका भाच्याची बदली करून घ्यायला आपण आमदाराकडे जातो; ठाण्याच्या रिकाम्या जागा भरून घ्यायलाही जावे.

इथे पोलिसांच्या बाजूनेही दोन शब्द बोलले पाहिजेत. सणासुदीला आपण घरी असतो तेव्हा शिपाई चौकात उभा असतो. बारा-बारा तासांची पाळी, गळकी चाळ, मुलांच्या शाळेची धावपळ. त्याच्याकडून कामाचा हिशेब मागणाऱ्या गावाने त्याच्या हाती साधने किती आहेत, हेही विचारले पाहिजे. माणसे कमी असतील, तर तो दोष शिपायाचा नव्हे, माणसे न देणाऱ्याचा आहे. आणि हिशेब मागितल्यावाचून ते उघडकीला येत नाही. शिवाय खोटी फिर्याद देऊन शेजाऱ्याचा सूड घेणे, हाही पोलिसांच्या वेळेचा अपहारच आहे. त्यालाही कायद्यात शिक्षा आहे.

आता आमच्या गावाचे पुढे काय झाले, ते सांगून संपवतो. गावच्या शाळेतल्या गुरुजींनी एक दुरेघी वही केली. तारीख, गट क्रमांक, मोटरीची अश्वशक्ती, किंमत, ठाण्यावर कोण गेले, काय उत्तर मिळाले. आठही जणांच्या नोंदी झाल्या. पालावरच्या एका म्हाताऱ्याच्या दोन शेळ्या गेल्या होत्या. त्याने कधी कुणाला सांगितले नव्हते. त्याचीही नोंद झाली. पावत्या ज्यांच्याकडे होत्या अशा पाच जणांनी अधीक्षकांकडे टपालाने खबर धाडली. चार गुन्हे नोंदले गेले. माहिती अधिकारात एक अर्ज गेला. उत्तर एका ओळीचे आले: विचारलेल्या तीन महिन्यांत नदीकाठच्या रस्त्यावर रात्रगस्त दोन वेळा.

ती ओळ गुरुजींनी ग्रामसभेत वाचून दाखवली. सभेला ठाण्याचे अधिकारी आले होते. कुणी आरडाओरडा केला नाही. अधिकाऱ्यांनी उभे राहून आपल्याकडच्या माणसांचा हिशेब सांगितला. तो ऐकल्यावर गावालाही कळले, की अडचण खरी आहे. मग ठरले, की आठवड्यातून दोन रात्री गाडी नदीकाठाने जाईल, आणि जाताना देवळापाशी ठेवलेल्या वहीत सही करील. माणसे वाढवून मिळावीत म्हणून ठराव झाला आणि तो आमदारांकडे गेला.

तात्यांची मोटर मिळाली नाही. ती बहुधा कुठल्या तरी भंगारवाल्याकडे वितळली. पुढच्या उन्हाळ्यात त्या शिवारातून एकच मोटर गेली. गस्तीमुळे चोऱ्या कमी झाल्या, की चोर दुसरीकडे गेले, हे मी सांगू शकत नाही. माणसांच्या ठरावाचे उत्तर अजून यायचे आहे. परंतु ती एक मोटर गेली, त्याच दिवशी तिचा गुन्हा नोंदला गेला, आणि फिर्यादीची प्रत घेऊनच शेतकरी घरी आला. देवळापाशी वही आहे. तीत काही आठवडे सह्या दोन असतात, काही आठवडे एकच. एक असली, म्हणजे गुरुजी ठाण्यावर फोन करतात आणि विचारतात, "साहेब, परवाची सही राहिली का?"

आपल्या गावात अशी वही सुरू करायला दहा-वीस रुपयांपेक्षा जास्त खर्च येणार नाही.